'प्रिन्स'ची फाईल उघडताना

सांगलीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात जवळपास प्रत्येक मशीनवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' असे. ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. बाकीची पोरं त्यात रमायची. मला वेड लागलं ते त्याच फोल्डरमधल्या लेव्हल्सच्या फाईलचं. हेक्स एडिटरमध्ये ती उघडली की नुसत्या आकड्यांच्या रांगा. पडद्यावरची खोली कागदावर काढून आकडे जुळवत बसायचो. हळूहळू उलगडलं: एका लेव्हलमध्ये २४ खोल्या, खोलीत १० चौकोनांच्या ३ ओळी, प्रत्येक चौकोनाच्या प्रकारासाठी एक बाइट. शून्य म्हणजे पोकळी, १ म्हणजे जमीन, २ म्हणजे टोकदार सळया. बाइटमधले खालचे पाच बिट तेवढे चौकोनाचा प्रकार सांगतात, हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. बिट वेगळे कसे काढायचे, हे कॉलेजात शिकवलं तेव्हा मला ते आधीच येत होतं. आज पोट भरतो ते त्याच विद्येवर.

हा गेम लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनी २०१२ मध्ये मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. पण तो ॲपल टू संगणकावरच्या आवृत्तीचा. आम्ही खेळलो ती डॉसची आवृत्ती आज माझ्या लॅपटॉपवर चालते, कारण खेळाडूंनी तिचा प्रोग्रॅम उकलून 'एसडीएलपॉप' घडवलं. तिसऱ्या लेव्हलमधला सांगाडा तलवारीने का मरत नाही, असं लेकीने विचारलं, तेव्हा आम्ही दोघांनी एसडीएलपॉपच्या कोडमध्येच उत्तर शोधलं.

आणि तरी बहुतेक गेमच्या लायसन्समध्ये असं उकलायला सरसकट मनाई असते. मला ती मान्य नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने सवलत आली: प्रोग्रॅम वापरता वापरता त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करणं हा हक्कभंग नाही. अमेरिकेतही 'सेगा' विरुद्ध 'अकोलेड' खटल्यात १९९२ मध्ये, आतली रचना कळायला दुसरा मार्ग नसेल तर कोड उकलणं योग्य वापर ठरलं.

ऑनलाइन सामन्यात भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारं चीट विकणं मात्र मला अजिबात खपत नाही. तिथे दुसऱ्याचा खेळ नासतो. प्रकाशनाआधी फाईल खणून कथेचा शेवट जगभर सांगत सुटणंही लेखकावर अन्यायच. कंपन्यांनी बंदी घालावी ती यांवर. विकत घेतलेल्या गेमच्या फाईली घरी बसून वाचणाऱ्या पोराला त्याच बंदीत गुंडाळू नये.