सवंगड्यांचें गांव

मैत्रीस मनें जुळावीं लागतात हें खरें. परंतु तीं जुळण्यापूर्वीं माणसांस एकत्र बसावयास जागा लागते, ही साधी गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. पार, देवळाचा सभामंडप, शाळेचें पटांगण यांचें मोल तीं हातचीं जाईपर्यंत कळत नाहीं.

आमच्या राजुरीपासून नारायणगांव जवळच आहे. पाडव्याच्या सुमारास तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे पंच येतात, घासाघीस होते, यात्रेची सुपारी ठरते. हंगाम सरला कीं राहुट्या उठतात, पण कोणी हळहळत नाहीं. फड कोणाचा व कोठचा हें सर्वांस ठाऊक असतें. विठाबाई नारायणगांवकर म्हटलें कीं नांवाबरोबर गांवही उच्चारलें जातें.

2020 सालचा पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. राहुट्या नाहींत, यात्रा नाहींत, शाळेस कुलूप, पार ओस. माझा पुतण्या तेव्हां सोळा वर्षांचा होता. त्यास बसावयास जागा मिळाली ती मोबाईलवरील 'पबजी' नामक खेळांत. शंभर जण छत्रीच्या आधारें एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागेचें वर्तुळ आक्रसत जातें, आणि अखेरपर्यंत टिकेल तो जिंकतो. चौघांची तुकडी करतां येते व खेळतां खेळतां बोलतांही येतें. पुतण्याच्या तुकडींतील तिघे परगांवचे. खरीं नांवें कोणींच सांगितलीं नव्हतीं. घेतलेल्या टोपणनांवांनींच ते परस्परांस हाक मारीत.

ज्याचें तोंड पाहिलें नाहीं त्याची मैत्री कसली, असें घरांतील वडीलधारे म्हणत. मला तें पटलें नाहीं. त्या पावसाळ्यांत आमचा चाळींतला कांदा सडला. बापाची विवंचना त्या पोरानें आम्हां मोठ्यांपैकीं कोणाजवळ बोलून दाखविली नाहीं. आपल्या वऱ्हाडी सवंगड्यास मात्र ती त्यानें सांगितली. ओसरीवर बसून मीं पलीकडचें उत्तर ऐकलें, "आमचंही सोयाबीन गेलं ना बे!" आणि लगेच दोघे पुन्हां डावांत रमले. सांत्वन याहून निराळें तें काय असतें?

खेळ मूळ कोरियन कंपनीचा, परंतु भारतांत तो एका चिनी कंपनीमार्फत चाले. गलवानच्या चकमकीनंतरचे ते दिवस होते. देशाच्या सुरक्षिततेचें कारण देऊन सरकारनें 2 सप्टेंबर 2020 रोजीं 118 ॲपवर बंदी घातली. त्यांत हा खेळही होता. ज्यांच्या मोबाईलवर तो आधींच होता त्यांचे डाव आणखी कांहीं आठवडे चालले, आणि 30 ऑक्टोबरला तेही थांबले. राजकारणाचा न्याय मी येथें करीत नाहीं. मला दिसला तो इतकाच, कीं चौघे एका घरांत जमत होते, घर दुसऱ्याचें होतें, आणि दार लागलें तेव्हां एकासही दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नव्हता.

2 जुलै 2021 रोजीं तोच खेळ भारतापुरत्या नव्या नांवानें आला. जुनें सामान नव्या घरीं नेण्याची सोयही कंपनीनें ठेवली होती. पुतण्याचे पोशाख आले, मिळविलेल्या पदव्या आल्या. ते तिघे मात्र आले नाहींत. कदाचित् ते दुसऱ्याच नांवांनीं तेथें असतील, शेजारून जातही असतील, ओळखावें कसें? पुढें 28 जुलै 2022 रोजीं तोही खेळ गूगल व ॲपल यांच्या भांडारांतून निघाला आणि 2023 च्या मे महिन्यांत परतला. तोंवर पुतण्यास त्यांत रस उरला नव्हता.

आतां तो चाकणकडे एका कारखान्यांत कामास आहे. कोणाची नवी ओळख झाली कीं पहिल्यानें विचारतो, "गांव कोणतं तुमचं?" आमच्या पिढीच्या या सवयीस पूर्वीं तोच हंसत असे.