गाडा आणि पोरं

धंद्याचं लिही, असं तुम्ही म्हणालात. म्हणजे काय लिहू? भांडवल तीन हजार. नफा म्हणाल तर पोरं जगली. एवढं लिहिलं की संपलं. पण एक गोष्ट राहून राहून आतनं वर येते, तीच लिहिते.

२००१ साली नवऱ्याचं फौंड्रीतलं काम सुटलं. थोरली पाच वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा, अंगावर पिणारा. नवरा रोज सकाळी कामाला म्हणून घरातनं जायचा आणि दुपारी परत यायचा. मग त्याचं बोलणंच कमी झालं. मागासवर्गीयांसाठी कर्जाची योजना होती. जातीचा दाखला, रेशनकार्ड, सगळे कागद घेऊन बँकेत गेले. चहा-नाष्ट्याचा गाडा टाकायचा म्हणून सांगितलं. साहेबांनी फॉर्म वाचला, आडनावाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या हातचं खाणार कोण?"

वाईटपणानं नाही बोलले. व्याजाचा दर विचारावा तसं विचारलं. म्हणून तर ते डोक्यात बसलं. शिवी दिली असती तर मीही शिवी देऊन मोकळी झाले असते.

कर्ज नाही मिळालं. भिशी उचलली, कानातली फुलं गहाण टाकली आणि जुना गाडा घेतला. गुळाच्या मार्केटच्या बाहेरच्या रस्त्याला, लिंबाच्या झाडाखाली उभा केला. कोल्हापूरचा गूळ म्हणजे दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत ट्रकावर ट्रक. ३० किलोचा एकेक रवा पाठीवर घेणारे हमाल. त्यांना पहाटे चहा लागतो, नऊला पोहे, चारला भजी. त्यात डोकं लावायचं कारण नव्हतं.

गाडा ज्याचा होता त्यानं समोरच्या पत्र्यावर अंबाबाईचा फोटो चिकटवलेला. वर लाल रंगात 'जय जोतिबा'. आमच्या घरात १९५६ पासून देव नाही. सासऱ्यांनी नागपूरहून परत आल्यावर देव्हारा पंचगंगेत सोडला होता. बावीस प्रतिज्ञा आम्हाला पोरपणी पाठ. मी फोटो काढायला नख लावलं आणि थांबले. म्हटलं, राहू दे. चिकटवला मी नाही, काढणारही मी नाही.

तिथंच खोटेपणा सुरू झाला. कोल्हापुरात कांबळे म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. मग मी आडनाव सांगितलंच नाही. हमाल 'वैनी' म्हणायचे, मी 'भाऊ', 'अण्णा' म्हणायची. कुणी म्हणालं, "गाव कंचं वैनी?" तर माहेरचं गाव सांगायचं. त्या गावात पाटलांची घरं जास्त. ऐकणारा आपल्या मनानं जे समजायचं ते समजायचा. मी खोटं एकदाही बोलले नाही. खरं तेवढं गिळलं.

आता पोरांचं. पहाटे चारला उठायचं. थोरलीला झोपेतच फ्रॉक चढवायचा, धाकट्याला पाठीला बांधायचं. गाडा नवरा ढकलायचा. हळूहळू तो यायला लागला, पाणी भरायचा, गिलास विसळायचा. बायकोच्या गाड्यावर गिलास विसळतो म्हणून वस्तीतले हसायचे. त्यानं ते सोसलं, हे मी लिहून ठेवते.

धाकट्याची झोळी लिंबाच्या फांदीला. तो रांगायचा थांबून चालायला लागला तेव्हा खरी पंचाईत. एका बाजूला रॉकेलचा स्टो फरफरतोय, दुसऱ्या बाजूला ट्रक मागं येतोय. मी जुन्या साडीची पट्टी त्याच्या कमरेला आणि गाड्याच्या चाकाला बांधायची. वासरू बांधावं तसं. येणारी-जाणारी शहाणी माणसं म्हणायची, "काय आई हाय का कसाई?" पोराला बांधू नको तर काय करू, हे मात्र त्यातलं कुणी सांगायचं नाही. कारखान्यात तीसपेक्षा जास्त बाया असतील तर पाळणाघर पाहिजे, असं तेव्हा कायद्यात लिहिलेलं होतं. इथं बाई एकटी. एकट्या बाईला कुठला कायदा? अंगणवाडी होती, ती तीन वर्षांच्या पुढच्या पोरांना आणि दिवसातले दोन-तीन तास. आमचा धंदा चारला सुरू.

दूध रोज आठ लिटर घ्यायची. ते गिऱ्हाइकाचं. थोरलीला कोरा चहा आणि कालची चपाती. एकदा ती म्हणाली, "आई, मला पांढरा च्या दे." मी तिला ओरडले. एका लिटरात किती कप होतात आणि एक कप म्हणजे किती पैसे, हे मला पाठ झालं होतं. पोरीच्या तोंडात कप दिसायच्या आधी दोन रुपये दिसायचे. धंदा माणसाला असं करतो. त्या दिवशी रात्री तिला अर्धा कप नुसतं दूध दिलं, तर तिला पचलं नाही.

धाकट्याच्या डाव्या हातावर भज्याच्या तेलाचा डाग अजून आहे. मी ते फार लिहीत नाही.

थोरली मात्र तिथंच शिकली. शाळेत बेरीज यायच्या आधी तिला सुट्टे पैसे द्यायला यायचे. वीसच्या नोटेतनं साडेसात गेले की किती, सांग. हमाल कौतुक करायचे.

ती संध्याकाळी वस्तीतल्या विहारात जायची. तिथं सगळी पोरं एकमेकांना जय भीम घालायची. तिला वाटलं, मोठं माणूस भेटलं की असंच म्हणायचं असतं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "गाड्यावर जय भीम म्हणायचं नाही हं बाळ."

"का?"

"गिऱ्हाईक जातंय."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, जय भीम वंगाळ हाय व्हय?"

दोस्तहो, मोर्चात मी घोषणा दिल्यात. लाठीला भ्याले नाही. पण त्या पाच-सहा वर्षांच्या पोरीपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटली. आजा देव पाण्यात सोडून आला आणि नातीला मी बाबासाहेब तोंडातल्या तोंडात गिळायला शिकवत होते. दोन रुपयांच्या कपासाठी. ती शहाणी, तिनं पुन्हा विचारलं नाही. गाड्यावर गप्प राहायला शिकली. तिचं ते गप्प राहणं मला तेलाच्या डागापेक्षा जास्त दिसतं.

धाकट्याला मात्र मी सांगायचं विसरले. नाहीतर तो चारचा होईल तेव्हा सांगू म्हटलं असेल. २००४ सालची चौदा एप्रिल. रात्री मिरवणूक बघून आलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे निळा कागदी झेंडा सोडेना, तसाच गाड्यावर आला. रिकाम्या क्रेटवर उभा राहिला आणि सगळ्यांत म्हाताऱ्या हमालाला छाती काढून म्हणाला, "अण्णा, जय भीम!"

अण्णांनी हातातला गिलास बघितला. संपवला. पैसे ठेवले. गेले.

कुणी काही बोललं नाही. भांडण झालं असतं तर बरं. दीडशे-दोनशे कप जायचे ते आठ दिवसांत साठ-सत्तरवर आले. पोहे तर उरायलाच लागले, आम्ही दोन्ही वेळा पोहे खाल्ले. आणि काहीजण येत राहिले ते कसे? गोदामातनं स्वतःचा गिलास घेऊन. "वैनी, ह्यात वता." माझ्या आईला गावच्या हाटेलात बाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असायची, आपली आपण धुऊन पालथी घालायची. इथं हाटेल माझं, गिलास माझे, विसळलेले माझ्या नवऱ्यानं, आणि वेगळा गिलास गिऱ्हाइकाच्या हातात.

नवरा म्हणाला, गाडा दुसरीकडं हलवू, तिथं कोण ओळखतंय. मी नको म्हटलं. शूरपणा नव्हता तो. हलवायचं तर पुन्हा पोरांना शिकवावं लागलं असतं, आता दोघांना. मी उलथनं घेतलं आणि पत्र्यावरचा फोटो खरवडला. निम्मा निघाला, निम्मा चिकटून राहिला. त्यावर बाबासाहेबांचा कॅलेंडरवरचा फोटो लावला.

कोल्हापुरात असलो की एक गोष्ट आम्हाला सारखी सांगतात. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेला हाटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक' नावाचं. कुणी येईना, तर महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवायचे, बरोबरच्यांना प्यायला लावायचे. खरी गोष्ट आहे, महाराजांविषयी माझ्या मनात शंका नाही. पण महाराज ज्या दिवशी येत नसतील त्या दिवशी गंगारामचे किती कप जात होते? त्याची पोरं कुठं खेळत होती? हे सांगणारा मला अजून भेटला नाही. मला महाराज नव्हते. मला ट्रक-ड्रायव्हर होते. बाहेरगावचे, रात्रभर जागलेले. त्यांना फोटो कुणाचा आहे यापेक्षा आलं घातलंय का याची काळजी. त्यांच्यावर गाडा तगला.

दोन महिन्यांनी अण्णा परत आले. म्हणाले, "वैनी, एक द्या." मी विचारलं, "कशात?" ते म्हणाले, "असंल त्यात." मी गिलासात दिला. त्यांना फार मोठेपणा देत नाही. पलीकडच्या गाड्यावरचा चहा पाणचट होता, हे मला माहीत होतं. पण धाकट्यानं पुन्हा जय भीम घातला तेव्हा त्यांनी मान हलवली, हेही खरं.

गाडा पुढं चौदा वर्षं चालला. त्यावर दोघं शिकली.

आता थोरलीचं ऐका. तिला दीड वर्षाची मुलगी आहे. घरातनं डबे करते, कॉलेजच्या पोरांना आणि आयटीतल्यांना. पोरीला कडेवर घेऊन एका हातानं फोनवर ऑर्डरी बघते. खाण्याच्या धंद्याची नोंदणी आता सक्तीची. सर्टिफिकेटावर पूर्ण नाव छापून येतं, आडनावासकट, आणि ते लावायचं असतं. ते तिनं स्वयंपाकघरात लावलंय. गिऱ्हाईक स्वयंपाकघरात येत नाही.

परवा म्हणाली, "आई, फ्लेक्स करायचाय. खाली माझं नाव घालायचं. नुसतं नाव घालू का आडनाव घालू?"

माझ्या तोंडावर 'नुसतं' आलं होतं. वीस वर्षांपूर्वी पत्रा खरवडलेली मी, आणि तोंडावर तेच आलं. नात मांडीवर होती, माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "तुझा धंदा हाय, तू बघ." तिनं माझ्याकडं तसंच बघितलं, पांढरा चहा मागितला होता तेव्हासारखं.

फ्लेक्सवाल्याला उद्यापर्यंत मजकूर पाठवायचा आहे.