मानपत्र आणि पट

तालुक्याच्या ठिकाणी एखादा सत्कार ठरला, की मानपत्राचा मजकूर आमच्या मराठी विभागाकडे मागितला जातो. भाषेच्या प्राध्यापकांचे हे वतनच म्हणायचे. शाल आणि श्रीफळ त्यांचे, विशेषणे आमची. मागच्या एका पावसाळ्यात असाच निरोप आला. सत्कार होता '१०८' रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर व चालक आणि गावोगावच्या आशा सेविका यांचा. चहापानानंतर त्याच सभागृहात शाळांच्या वर्गखोल्यांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागायच्या निधीवर चर्चा होणार होती. या दोन कार्यक्रमांचा संबंध मंडपाच्या भाड्यापुरताच असावा, असे आम्हांला वाटले.

मसुदा आम्ही दोघांनी एका तासात उतरवला. 'देवदूत' हा शब्द त्यात दोनदा आला होता. सत्कारमूर्तींपैकी एक जण आमचाच जुना विद्यार्थी. बी.ए.ला मराठी घेतलेला, आता रुग्णवाहिकेवर 'पायलट'. (चालकाला तिथे पायलट म्हणतात, निदान शब्दाने तरी बढती मिळते.) मसुदा वाचून तो म्हणाला, "सर, हे देवदूत काढून टाका नं. देवदूताले डबा लागत नाही, झोप लागत नाही. आमाले लागते."

आम्ही शब्द काढला. वरमलोही. वर्गात आम्ही शब्दांच्या छटा शिकवतो आणि 'मानधन' या शब्दाजवळ कधी थांबलो नव्हतो. वेतन द्यायचे नसते तेव्हा हा शब्द वापरतात. तासिका तत्त्वावरचे आमचे सहकारी त्याच शब्दावर वर्षानुवर्षे काढतात, आणि आशांचेही तेच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. मान आधी पोचला, धन रस्त्यात होते.

मग पायलटने आम्हांला रस्त्याविषयी सांगितले. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हा तो नव्यानेच कामाला लागला होता. फोन करणारा घाबरलेला असतो, त्याला पत्ता सांगता येत नाही. घरांना क्रमांक नाहीत, गल्ल्यांना नावे नाहीत. "मग सगळे एकच सांगतात, सर : शाळेजवळ या." शाळा गावाच्या तोंडाशी असते, दूरवरून दिसते, आणि मुख्य म्हणजे पटांगणात गाडी वळवता येते. रुग्णाला बाजेवर घालून माणसे तिथवर आणतात. रात्री पाऊस असला तर व्हरांड्यात थांबतात.

शाळा आणि दवाखाना यांचे हे नाते कागदावर मात्र जुने आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दोन्ही एका छपराखाली आले. अमेरिकेतल्या गावांत शाळेच्या इमारतीसाठी रोखे काढायचे तर बहुतेक ठिकाणी आधी मतदारांचा कौल घेतात. कर्ज मग मालमत्ता करातून फिटते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या पैशाला 'सेस फंड' म्हणतात, आणि पुष्कळ जण त्याचा उच्चार 'शेष' असा करतात. शब्दव्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक, आशयाच्या दृष्टीने बिनचूक. मोठी रक्कम मागावी लागते ती वरूनच. २०२२ मध्ये अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला, त्यांत आमचीही होती. गावाने खोली मागायची कोणाकडे, हाही प्रश्न त्यामुळे काही काळ अवघड झाला.

मानपत्रात आम्ही एक वाक्य घातले होते : 'ज्या शाळांच्या पटांगणात आपली गाडी वळते, त्या शाळा उभ्या राहोत.' संयोजकांनी ते विषयबाह्य म्हणून वगळले. निवेदकाने मात्र 'देवदूत' आपल्या पदरचा घातला. टाळ्या पडल्या.

चहानंतर खोल्यांची यादी वाचली गेली. धोकादायक इमारती, गळकी छपरे, पट. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत सामावून घेण्याचा विचार २०२३ पासून शासनपातळीवर आहे. त्यामुळे अशा ठिकाणी नव्या खोलीची मागणी करावी की नाही, यावर थोडी कुजबुज झाली आणि ती गावे पुढच्या बैठकीवर ढकलली गेली.

आमचा विद्यार्थी शाल खांद्यावर तशीच ठेवून मागे उभा होता. त्याचे गाव यादीत आले नव्हते.

"पट किती लागते, सर?"

आम्ही सांगितले, वीस.

तो बोटांवर मोजू लागला. घराघराच्या नावाने, एकेक मूल. पोळ्याला कोणाची मामाकडून परत येणार, तीही धरली. सतराशी थांबला, आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.