गळालेलं पॅकेट शेजाऱ्याकडे

तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत पोचते, तेव्हा पायघड्यांना धोतरं अंथरली जातात, मेंढ्या पालखीभोवती धावू लागतात आणि नेमक्या त्याच घटकेला सगळ्यांचे मोबाइल एकाच टॉवरवर तुटून पडतात. जळोचीत स्क्रीनसमोर बसून मी थेट प्रक्षेपण सांभाळतो, ती खरी कसोटीची वेळ. दोन मेगाबिटचं चित्र म्हणजे सेकंदाला साधारण १९० पॅकेटं, प्रत्येकात १३१६ बाइट. एक जरी गळालं, तरी मेंढीच्या पाठीवर चौकोन उमटतात आणि पुढची की-फ्रेम येईपर्यंत हटत नाहीत, कारण मधल्या फ्रेम फक्त काय बदललं तेवढंच सांगतात.

कॅमेऱ्याकडून सर्व्हरकडे येतानाच गळालेलं पॅकेट कुणाही प्रेक्षकाकडे नसतं. त्यासाठी दोन-तीन सिमवरून पाठवणं हा एक इलाज. सर्व्हरपासून प्रेक्षकाकडे जाताना मात्र गोष्ट वेगळी. प्रत्येकाचं वेगळं पॅकेट गळतं, म्हणजे एकाचं हरवलेलं बहुतेक वेळा शेजारच्या प्रेक्षकाकडे शाबूत असतं. मग सगळ्यांनी सर्व्हरलाच का धरावं? हजारोंनी एकदम मागितलं, तर तोच गुदमरेल.

सॅली फ्लॉइड, व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली याची एक रचना मांडली, तीही व्हिडिओसाठी नव्हे, अनेकांनी मिळून लिहायच्या संगणकी फळ्यासाठी. ज्याच्याकडे पॅकेट आहे, त्या कुणीही ते द्यावं. पण सगळेच द्यायला धावले तर पुन्हा गर्दी. म्हणून देण्याआधी प्रत्येकाने जरा थांबायचं: जवळच्याने कमी, लांबच्याने जास्त, वर थोडी सोडतीसारखी भर. तेवढ्यात दुसऱ्या कुणी दिलेलं दिसलं, की आपण गप्प बसायचं. या धंद्यातलं इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

व्हिडिओत मात्र थांबायला फुरसत नसते. बफरमध्ये दोन सेकंद असतील, तर त्या आतच पॅकेट यायला हवं. उशिरा आलेलं फेकून द्यावं लागतं. म्हणून मी आधी शेजाऱ्याकडे मागतो, वेळ सरत आली की सर्व्हरकडे. पण मोबाइल नेटवर्कवरचे दोन फोन पुष्कळदा एकमेकांना थेट गाठूच शकत नाहीत. आणि गाठता आले, तरी सिमच्या डेटावर रिंगण बघणाऱ्या आजीचा पॅक दुसऱ्याच्या चित्रासाठी संपवणं मला पटत नाही. घरच्या वाय-फायवर असतील आणि हो म्हणतील, त्यांच्याकडूनच मागायचं.