'इताई' म्हणजे 'आई गं!'

मुलांनो, ठेच लागली की आपण 'आई गं!' म्हणतो. जपानी मुलं अशा वेळी 'इताई!' म्हणून ओरडतात. इताई म्हणजे दुखतंय. पण जपानमध्ये एका आजाराचं नावच 'इताई-इताई' आहे! हे नाव ज्या नदीकाठी पडलं, तिथं आज जाऊ या.

तोक्योहून बुलेट ट्रेननं दोन-सव्वादोन तासांत तोयामा शहर येतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तातेयामाचे बर्फाळ डोंगर. दक्षिणेच्या डोंगरांतून जिन्झू नदी येते आणि उत्तरेला समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर भातखाचरं पसरलेली आहेत. अगदी आपल्या कोकणातल्यासारखी, फक्त बांध पट्टीनं आखल्यासारखे सरळ. मे महिन्यात खाचरांत पाणी सोडलं की त्यात बर्फाचे डोंगर उलटे दिसतात. हे पाणी नदीतून पाटानं येतं. आपली गोष्ट या पाटाच्या पाण्याचीच आहे.

या गावांतल्या बायकांना पूर्वी एक विचित्र दुखणं जडायचं. बहुतेक जणी पस्तिशी ओलांडलेल्या आया. आधी कंबर दुखायची, मग चालणं बदकासारखं व्हायचं. पुढे नुसतं खोकलं तरी बरगडी मोडायची! काहींची उंची वीतभराहून जास्त कमी झाली. अंथरुणात त्या 'इताई, इताई' करत राहायच्या. लोक म्हणत, हा कुठल्या तरी पापाचा भोग.

गावातल्या डॉक्टर नोबोरू हागिनो यांना मात्र ते पटेना. त्यांनी नकाशा घेतला आणि रुग्णांच्या घरांवर खुणा केल्या. गंमत पाहा, ज्या शेतांना जिन्झूचं पाणी मिळे, तिथंच खुणांची गर्दी! शेजारच्या दुसऱ्या नद्यांच्या पाण्यावर शेती करणारी गावं जवळजवळ कोरी.

मग नदीत होतं तरी काय? वरच्या अंगाला डोंगरात कामिओका नावाची मोठी खाण होती. मित्सुई कंपनी तिथून जस्त आणि शिसं काढायची. जस्ताच्या दगडात कॅडमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. तो सांडपाण्याबरोबर नदीत जाई, नदीतून पाटात आणि पाटातून खाचरात. पाण्यात तो थोडाच असायचा, पण वर्षानुवर्षं मातीत साठत गेला. भाताच्या मुळांनी तो शोषला आणि ताटात आणून ठेवला. १९६१ साली हागिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियमवर बोट ठेवलं. हा धातू मूत्रपिंडं बिघडवतो. मग हाडांना लागणारे क्षार लघवीवाटे निघून जातात आणि हाडं मऊ पडतात.

आता थोडं गणित करू. कंटाळू नका, सोपं आहे! जपानमध्ये मानलेली मर्यादा अशी : शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला ७ मायक्रोग्रॅम कॅडमियम, त्याहून जास्त नको. (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) पन्नास किलो वजनाच्या आईसाठी झाले ३५० मायक्रोग्रॅम. इथल्या काही शेतांच्या तांदळात किलोमागे १ मिलिग्रॅमहून जास्त कॅडमियम सापडलं होतं. १ मिलिग्रॅम धरला, तरी ३५० ग्रॅम तांदळात आठवड्याचा वाटा संपला! रोज ३०० ग्रॅम तांदूळ खाणारी बाई दुसऱ्याच दिवशी मर्यादेबाहेर.

एक-दोन दिवस जास्त गेलं म्हणून कोणी आजारी पडत नाही. ही मर्यादा आयुष्यभराचा विचार करून ठरवलेली आहे. पण कॅडमियम हा चिवट पाहुणा. शरीरातून निम्मं जायला दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणून नुसतं 'पाण्यात किती आहे' विचारून भागत नाही. मातीत किती, दाण्यात किती, रोज खातो किती आणि किती वर्षं, हेही विचारावं लागतं. जपाननं २०११ पासून तांदळाची मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅमवर आणली आहे.

१९६८ साली सरकारनं हा आजार प्रदूषणामुळे झाल्याचं मान्य केलं. गावकरी कोर्टात गेले, १९७१ मध्ये जिंकले आणि १९७२ मध्ये अपिलातही जिंकले. आजवर दोनशेहून जास्त रुग्णांची सरकारदरबारी नोंद झाली आहे.

माती धुता येत नाही ना! मग ८६३ हेक्टर शेतांत विषारी माती खाली गाडून वर चांगल्या मातीचा थर दिला. या कामाला तीसहून जास्त वर्षं लागली आणि ते २०१२ साली संपलं. त्याच वर्षी तोयामात या आजाराचं संग्रहालयही उघडलं.

खाणकाम २००१ मध्ये थांबलं. त्या डोंगराच्या पोटात शास्त्रज्ञांनी पन्नास हजार टन पाण्याची टाकी बांधली आहे, न्यूट्रिनो नावाचे कण पकडायला! जस्ताचा कारखाना मात्र चालू आहे. कोर्टातल्या विजयानंतर झालेल्या करारानुसार गावकरी दर वर्षी वकील आणि शास्त्रज्ञांना घेऊन थेट त्या कारखान्यात शिरतात आणि सांडपाण्याच्या वाटा तपासतात. खर्च कंपनीचा.