सत्राशे विघ्नं

‘नकटीच्या लग्नाला सत्राशे विघ्नं’ ही म्हण मी माझ्या लेकीसमोर किती वेळा बोलले असेन, त्याचा हिशेब लागत नाही. तिचं नाक मधोमध बसलेलं. आमच्या दोन्ही घरांत असं नाक कुणाचं नाही. सासूबाई म्हणायच्या, देवानं दिलंय ते गोड मानून घ्यावं. मीही तेच म्हणत आले.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला इंग्रजी फौजेतला गाडीवान कावसजी, पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला बसवलेलं नवं नाक, १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलेली त्याची हकिगत... हे सगळं मी वर्गात अभिमानानं सांगायचे. आणि तेवीस वर्षांची लेक पगारातून पैसे साठवून ‘नाकाचं ऑपरेशन करायचंय’ म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, “ही नट्यांची थेरं आपल्या घरात नकोत.”

ती भांडली नाही. “एकदा डॉक्टरांकडे चल,” एवढंच म्हणाली. मी गेले, ती डॉक्टरांनीच तिची समजूत घालावी म्हणून.

डॉक्टरबाईंनी तिच्या नाकाखाली स्टीलची गार पट्टी धरली आणि श्वास सोडायला सांगितला. उजव्या नाकपुडीखाली वाफेचा ठसा उमटला. डावीकडे जवळजवळ काहीच नाही. रात्री ती तोंड उघडं टाकून झोपायची, आणि ‘मुलीच्या जातीला शोभत नाही’ म्हणून मी तिला हलवून जागी करायचे.

“लहानपणी नाकावर आपटली होती का?” बाईंनी विचारलं.

“नाही आठवत,” लेक म्हणाली.

मला आठवत होतं. सहा वर्षांची होती. बागेतल्या झोपाळ्याची फळी तोंडावर बसली. रक्त थांबलं, मी हळद लावली, निश्चिंत झाले. घरात भावाच्या लग्नाची गडबड होती. दोन दिवस ती म्हणत होती, आई, नाक दोन्हीकडून बंद झालंय. मी रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून दिले.

बाई सांगत होत्या. नाकाच्या पडद्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती वरच्या आवरणावर जगते. मधे रक्त साकळलं की तिचं पोषण तुटतं, दोन-तीन दिवसांत ती मरू लागते. वेळीच चीर देऊन रक्त काढलं तर वाचते. नाहीतर नाकाचा कणा खोगिरासारखा खचतो.

मी पट्टीकडे बघत होते. वाफ केव्हाच विरून गेली होती. गप्प बसता आलं असतं, कुणालाच कळलं नसतं. देवावर ढकलून मी सतरा वर्षं काढली होतीच.

“आपटली होती,” मी म्हटलं. “मी दाखवायला नेलं नाही.”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

बरगडीची कूर्चा घेऊन नाकाचा कणा उचलला, वाकडा पडदा सरळ केला. ऑपरेशनचे पैसे मी द्यायला गेले, तिनं घेतले नाहीत. नाकावरची पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी तिची माफी मागितली. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही, म्हटलं.

“ते मला आठवतच नाही, आई,” ती म्हणाली. “ती म्हण आठवते.”