कात्री आणि श्वास

कापायला क्षण पुरतो, जोडायला मात्र जन्म लागतो, असे म्हणतात. ध्वनिसंपादन शिकताना हे मला नव्याने पटले.

माझी आजी धवलारीण. आगरी लग्नातले विधी धवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. तिला अक्षरओळख नाही. सारे धवले तिच्या स्मरणात आहेत. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, तेव्हा ते जपण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

पूर्वी ध्वनिफीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडीत. आज हे काम संगणक करतो. २००० साली आलेली ऑडॅसिटी विनामूल्य आहे. रीपर साठ दिवस वापरून पाहता येते. पुढे परवाना घ्यावा लागतो. परंतु खरा फरक पैशाचा नाही, कापण्याच्या रीतीचा आहे.

ऑडॅसिटीत गाळलेला भाग ‘अनडू’ने परत येतो, मात्र प्रकल्प बंद केला की ही पुसटशी वाटही बुजते. २०२२ पासून तिच्यात काही परिणाम मूळ आवाजाला धक्का न लावता देता येतात, हे खरे. रीपरमध्ये कापणे म्हणजे केवळ खूण करणे. मूळ फाइल अबाधित राहते. तुकड्याची कड ओढली की गाळलेला शब्द वर्षानेही परत येतो.

एका प्रकारच्या गोंगाटाचा नमुना घेऊन तो वजा करणारी सोयही असते. पंख्याची एकसुरी घरघर तिने जाते. पण डिसेंबर २०२५ पासून आमच्या डोक्यावरून विमाने उडू लागली आहेत. त्यांचा चढता-उतरता आवाज पुसू जावे, तर आजीचा गळाच पाण्यात बुडाल्यासारखा होतो! शांतता आखूड करणारी सोयही मी वापरीत नाही. दोन ओळींमधल्या त्या विरामातच आजी पुढची ओळ आठवते, बायका ऐकतात. तो श्वास कापला तर धवल्यात उरले काय?

म्हणून मी नियम केला आहे : मूळ मुद्रण दोन ठिकाणी जपायचे आणि कात्री फक्त प्रतीवर चालवायची. मग साधी ऑडॅसिटीही पुरते.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट झाली, जुने गाव उठले. तिथे ‘अनडू’ची कळ नव्हती. आजीच्या आवाजासाठी मात्र ती अजून आपल्या हाती आहे. मित्रहो, तुमच्याही घरी असा एखादा गळा असेल. संपादन पुढे कधीही करता येईल. मुद्रण आजच करा.